‘कामावर पडला’ असेच लिहा

अपघात विभागात रुग्ण आणला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय झालं?" स्ट्रेचरवरचा माणूस उत्तर देण्याच्या स्थितीत नसतो. उत्तर देतो तो त्याला घेऊन आलेला. उन्हाळ्याच्या शेवटी मुळशीच्या बाजूने आलेल्या रुग्णाबाबत हे उत्तर आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे, की ते पाठ झाले आहे. "घरी पाय घसरून पडला, सिस्टर."

घरी पाय घसरलेल्या माणसाच्या केसांत सिमेंटच्या पत्र्याचा भुगा असतो. खिशात नट-बोल्ट असतात. दोन्ही टाचा फुटलेल्या असतात, म्हणजे तो उंचावरून पायांवर आदळला आहे हे कोणत्याही परिचारिकेला कळते. आम्हालाही कळत होते. तरीही जे सांगितले गेले तेच आम्ही आमच्या नोंदीत लिहीत होतो: ‘राहत्या घरी पडून इजा’. असे किती वेळा लिहिले याचा हिशेब आम्ही ठेवला नाही. नोकरी सोडून वस्त्यांमध्ये काम करू लागलो, अशा घरांत जाऊन बसलो, तेव्हा त्या चार शब्दांनी काय केले ते समजले. म्हणून या वेळचे आरोग्य पान छपरावरून पडणाऱ्यांसाठी.

पौड हे आमचे तालुक्याचे गाव. मुळशीत घर बांधायचे म्हणजे आधी पावसाचा विचार करावा लागतो. ताम्हिणीच्या बाजूने पाऊस आला की तो चार-चार दिवस हटत नाही. आमच्या आज्या-पणज्यांच्या काळी गवताची आणि कौलांची घरे होती. मिरगाच्या आधी शाकारणी व्हायची, घरातलीच माणसे वर चढायची. तेव्हाही माणसे पडत. पण कौलांच्या खाली रिपा जवळ जवळ असत, वासे असत, कौल फुटले तरी पाय कुठेतरी अडकायचा. आता सगळीकडे पत्रा आला. सिमेंटच्या पत्र्याखाली चार-साडेचार फुटांवर एक लोखंडी अँगल असतो. दोन अँगलच्या मधे काहीही नसते. पत्रा फुटला की माणूस सरळ खालच्या फरशीवर.

आणि छपरे किती वाढली ते पाहा. पिरंगुट, घोटावडे, उरवडे या पट्ट्यात कारखान्यांच्या आणि गोदामांच्या शेड. आत कोळवणच्या खोऱ्याकडे पोल्ट्री. धरणाच्या बाजूला रिसॉर्ट आणि पुणेकरांची फार्महाऊस. प्रत्येकाला मेअखेरीपर्यंत गळती बंद करून हवी असते. त्यात आता सौर पॅनेल आले. केंद्र सरकारने २०२४ साली एक कोटी घरांच्या छपरांवर सौर पॅनेल बसवण्याची योजना जाहीर केली. योजना चांगली आहे, आमची तक्रार नाही. पण प्रत्येक पॅनेलमागे कोणीतरी वर चढणार आहे, आणि ते पुसायलाही पुन्हा पुन्हा चढणार आहे.

३ जून २०२० आठवा. निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले आणि सह्याद्री ओलांडून आमच्याकडेही पोचले. मुळशीत, मावळात घरांचे पत्रे पाचोळ्यासारखे उडाले. टाळेबंदीचे दिवस, मिस्त्री मिळेना, वर पाऊस सुरू. ज्याच्या घरावरचा पत्रा गेला तो स्वतःच शिडी लावून चढला. ओला पत्रा, सुटलेले बोल्ट, लोंबणाऱ्या विजेच्या तारा. वादळाच्या बातम्यांत वादळाने मारलेले मोजले जातात. वादळ गेल्यावर छप्पर दुरुस्त करताना पडलेले कोणत्या रकान्यात जातात?

बहुतेक कोणत्याच नाही. एकेकटा माणूस पडतो ही यातली मोठी अडचण आहे. ७ जून २०२१ रोजी उरवड्याच्या कारखान्यातील आगीत सतरा कामगार गेले, बहुतेक स्त्रिया. तेव्हा सारा महाराष्ट्र मुळशीकडे पाहत होता, आणि ते योग्यच होते. छपरावरून मात्र माणूस एक एक करून पडतो, वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या ठेकेदाराकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसे पडून मरतात. अनवधानाने होणाऱ्या इजांच्या मृत्यूंत रस्ते अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो, आणि यांतले ८० टक्क्यांहून अधिक मृत्यू गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतले. यांत म्हातारी माणसेही आहेत, लहान मुलेही आहेत. आमच्या डोळ्यांसमोर मात्र पंचवीस-तीस वर्षांची माणसे येतात.

पत्रा फुटतो कसा, हे एकदा नीट समजून घेऊ. सिमेंटचा पत्रा पाणी अडवण्यासाठी असतो, माणसाचा भार पेलण्यासाठी नसतो. दहा-पंधरा पावसाळे खाल्लेला पत्रा वरून धडधाकट दिसतो, आतून ठिसूळ झालेला असतो. त्यावर शेवाळ असते. जुने मिस्त्री नव्या पोराला एकच मंत्र देतात, "बोल्टच्या रेषेवरून चाल," कारण बोल्टखाली अँगल असतो. मंत्र खोटा नाही. पण हातात दहा फुटी पत्रा, वर ऊन, खालून कोणी हाक मारली, आणि पाऊल रेषेच्या चार इंच बाहेर पडले, की संपले. त्याहून घातकी तो उजेडासाठी मधे मधे बसवलेला फायबरचा पत्रा. नवा असतो तेव्हा पारदर्शक दिसतो. धूळ आणि शेवाळ चढले की बाजूच्या पत्र्यासारखाच दिसू लागतो. त्यावर पाय ठेवणाऱ्याला आपण कशावर पाय ठेवला हे कळायलाही वेळ मिळत नाही. (सिमेंटच्या बहुतेक जुन्या पत्र्यांत अ‍ॅसबेस्टॉस असते. कापताना उडणारी धूळ फुप्फुसात जाऊन बसते. तो विषय वेगळा आणि मोठा आहे, पुन्हा कधी.)

आता वर कोण चढते? कामावर पाच जण असले तर त्यांतला सर्वांत हलका, सर्वांत नवा आणि ज्याला नाही म्हणता येत नाही असा. "तू हलका आहेस, तू जा." हे वाक्य आम्हाला किती घरांत ऐकायला मिळाले! कातकरी वाडीतला पोरगा, आपल्या वस्तीतला पोरगा, मराठवाड्यातून कामाला आलेला, बिहारमधून आलेला. गावगाड्यात जिवावरचे काम कोणाच्या वाट्याला यायचे ते आपल्याला कोणी शिकवायला नको. आज काम वाटून देणारा मुकादम जात विचारत नाही. फक्त हजेरी बुडाली तर संध्याकाळी चूल पेटणार नाही असे घर कोणाचे, ते त्याला बरोबर माहीत असते.

आम्ही ज्या घरांत जातो त्यांतल्या एका घराची गोष्ट सांगतो, नाव-गाव न सांगता. माणूस तीस वर्षांचा. बायको, दोन मुले. एका पोल्ट्रीच्या शेडचे फुटके पत्रे बदलायला हेल्पर म्हणून गेला होता, हजेरी सातशे रुपये. अकराच्या सुमारास पत्रा फुटला आणि तो सुमारे अठरा फुटांवरून खाली आला. शुद्धीवर होता. सोबत्यांनी धावत जाऊन त्याला बगलेत धरून बसवले, पाणी पाजले. मग एकाने खांदे, एकाने पाय धरून पिकअपच्या हौद्यात घातले. खड्ड्याखड्ड्यांतून गाडी निघाली.

यांतले प्रत्येक काम त्यांनी मायेने केले, आणि प्रत्येक काम चुकीचे होते. उंचावरून पायांवर आदळणाऱ्याची पाठ बहुधा बरगड्या संपतात त्याच्या आसपास मोडते. मणका मोडला तरी आतली मज्जारज्जू कधी कधी शाबूत असते. अशा माणसाला बसवले, कमरेत दुमडून उचलले, तर मोडलेले हाड मज्जारज्जूत घुसू शकते. म्हणून पडलेल्या माणसाला जिथे आहे तिथेच झोपलेला ठेवा. एकाने डोक्याशी बसून दोन्ही हातांनी डोके स्थिर धरावे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. पायाची बोटे हलवायला सांगा, पायाला हात लावलेला कळतो का विचारा, आणि उत्तर लक्षात ठेवा, डॉक्टरांना ते लागणार आहे. पाणी, चहा काही देऊ नका, कारण शस्त्रक्रिया लागू शकते. १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका येणारच नसेल आणि न्यावेच लागले तर दार काढा, रुंद फळी घ्या. चार-पाच जणांनी डोके, खांदे, कंबर, पाय एकाच वेळी, ओंडका कलवतात तसे एका कुशीवर कलवून फळी खाली सरकवा. श्वासच चालू नसेल तर मात्र पाठीचा विचार मागे ठेवून छाती दाबायला लागा.

आणखी एक गोष्ट, ही डोक्याच्या माराची. माणूस पडतो, क्षणभर बेशुद्ध होतो, मग उठून बसतो. "काही नाही झालं" म्हणतो, चहा पितो, घरी जाऊन झोपतो, आणि रात्री उलट्या होऊन, घोरत घोरत जातो. कवटीच्या आत सावकाश रक्त साठत असते. डोक्यावर पडलेल्या, क्षणभरही शुद्ध हरपलेल्या माणसाला घरी नेऊन झोपवायचे नाही. पौडहून पुण्याचे मोठे रुग्णालय तीस-पस्तीस किलोमीटर, आणि चांदणी चौकातली गर्दी वेगळी. निघायला उशीर करणे परवडत नाही.

आपल्या त्या माणसाकडे परत येऊ. रुग्णालयाच्या टेबलाशी ठेकेदार स्वतः आला होता. वाटेतच त्याने सोबत्यांना सांगून ठेवले होते, "घरी पडला म्हणायचं. पोलिसांची भानगड झाली तर मला खर्च करता येणार नाही. मी बघतो सगळं." त्याने चार दिवस बघितले. औषधांची बिले भरली, बायकोच्या हातात थोडे पैसे ठेवले. शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाली. दहाव्या दिवशी डॉक्टरांनी सांगितले की कमरेखाली संवेदना परत येण्याची आशा नाही. मग ठेकेदार स्टॅम्प पेपर घेऊन आला: पन्नास हजार रुपये मिळाले, आमची कोणाविरुद्ध तक्रार नाही. बायकोने सही केली. त्यानंतर त्याचा फोन लागला नाही.

ही बाई आता दर दोन तासांनी नवऱ्याला कुशीवर वळवते. रात्रीसुद्धा. नाही वळवले तर माकडहाडाशी जखम होते, आणि ती एकदा झाली की महिनोन्‌महिने भरत नाही. लघवीच्या नळीचे, शौचाचे सगळे तिच्यावर. पुण्यात खडकीला पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांसाठी पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे, १९७४ पासून. तिथे खेळ आहेत, काम शिकवणे आहे, माणूस म्हणून उभे करणे आहे. जवानांना ते मिळायलाच हवे. आमचा प्रश्न एवढाच, की देशाच्या गोदामांवर छप्पर घालताना पडलेल्या माणसाला पडवीतल्या बाजेपलीकडे काय मिळते?

आता हिशेब करू. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३ सालचा, शंभरी ओलांडून २०२५ पर्यंत लागू असलेला. इमारतीचे बांधकाम, दुरुस्ती, पाडकाम करणारा मजूर त्यात येत असे. इमारत एका मजल्याहून उंच हवी असे किंवा जमिनीपासून आढ्यापर्यंत बारा फूट तरी हवी असे. आपल्याकडच्या बहुतेक शेड त्याहून उंच असतात. ‘हा तर तात्पुरता मजूर’ म्हणून वगळण्याची पळवाट २००० सालच्या दुरुस्तीने काढून टाकली. त्या कायद्यात भरपाईसाठी महिन्याची मजुरी जास्तीत जास्त पंधरा हजार धरत. कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर तिचे साठ टक्के, म्हणजे नऊ हजार. याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचे. तीस वर्षांच्या माणसासाठी हा आकडा २०७.९८ आहे. गुणाकार होतो १८ लाख ७१ हजार ८२०. तोच माणूस मेला असता तर निम्म्या मजुरीच्या हिशेबाने वारसांना १५ लाख ५९ हजार ८५०.

आणि तिच्या हातात पडले पन्नास हजार.

त्या स्टॅम्प पेपरला घाबरण्याचे कारण नाही, हे आम्हाला ठळकपणे सांगायचे आहे. याच कायद्याचे कलम १७ म्हणत होते की भरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल आहे. मृत्यू झाला असेल तर मालकाने भरपाई वारसाच्या हातात परस्पर द्यायचीच नसते. त्या कायद्यात ती आयुक्तांकडे जमा करावी लागे, परस्पर दिलेली रक्कम भरपाई धरली जात नसे (कलम ८). फक्त तीन महिन्यांच्या मजुरीपर्यंतची उचल वजा होते. भरपाई महिन्याच्या आत दिली नाही तर बारा टक्के व्याज लागते, वर निम्म्यापर्यंत दंड लागू शकतो. "दारू प्यायला होता" हे तर प्रत्येक ठेकेदाराचे ठेवणीतले वाक्य. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल तर दारूच्या मुद्द्यावरही भरपाई नाकारता येत नाही. हे वाक्य कापून ठेवा. दावा मात्र दोन वर्षांच्या आत करावा लागतो. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, स्त्रियांना, अपंगांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्नाची अट न लावता वकील मोफत मिळतो.

एवढे सगळे हक्क एका धाग्याला लटकलेले आहेत: माणूस कामावर असताना पडला हे सिद्ध झाले पाहिजे. ते सिद्ध करणारा पहिला कागद म्हणजे केसपेपर. तिथे ‘घरी’ असा शब्द पडला की पुढची सगळी लढाई त्या शब्दाशी.

ते कुटुंब आमच्याकडे आले तेव्हा चौदा महिने होऊन गेले होते. आम्ही फिरलो. एक सोबती परभणीकडे परत गेला होता, दुसरा त्याच ठेकेदाराकडे अजून कामाला, तो बोलायला तयार होईना. शेवटी एका फोटोने हात दिला. त्या दिवशी सकाळी साडेनऊला छपरावर उभे राहून काढलेला, मित्राला पाठवलेला. मागे ती शेड, अंगावर तोच शर्ट. दावा दाखल झाला आहे. समोरच्या वकिलाने पहिल्याच तारखेला कोणता कागद पुढे केला असेल? आमच्याच पेशातल्या कोणीतरी ऐकून लिहिलेला. तो आम्ही लिहिला नव्हता. लिहिला असता, हे आम्हाला माहीत आहे.

म्हणून परिचारिका भगिनींना आणि डॉक्टरांना आमची विनंती आहे. सांगणाऱ्याचे ऐका, पण रुग्ण बोलू शकत असेल तर त्यालाही विचारा. किती फुटांवरून, कोणाच्या कामावर, किती वाजता. केसांतला भुगा दिसला तर तोही लिहा. उंचावरून पडलेल्याची एमएलसी नोंद करा. आणि नातेवाइकांनो, तुम्ही पोचाल तोवर कोणीतरी काहीतरी लिहून ठेवलेले असेल. ते वाचून दाखवायला सांगा. चुकीचे असेल तर त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन खरी हकिकत नोंदवा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. जिथे पडला त्या जागेचे, फुटलेल्या पत्र्याचे फोटो काढा, कारण संध्याकाळपर्यंत तिथे नवा पत्रा बसलेला असतो. मृत्यू झाला असेल तर पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात. पंचनाम्यात ‘काम करत असताना’ हे शब्द आले आहेत का ते पाहा. हयगयीने मृत्यूचे कलम, पूर्वीचे ३०४-अ, आता भारतीय न्याय संहितेचे १०६, लावायचे की नाही ते पोलीस ठरवतील. पण घटना जशी घडली तशी सांगणे आपल्या हातात आहे.

यावर वस्तीत आम्हाला ऐकवले जाते, "ताई, ठेकेदार आपलाच माणूस आहे. त्याला बुडवून काय मिळणार? उद्या काम कोण देईल?" हा प्रश्न आम्ही उडवून लावत नाही. लहान ठेकेदार कालपर्यंत वेल्डर होता, त्याच्याकडेही अठरा लाख नसतात. पण याच भरपाईसाठी विमा मिळतो, मजुरांच्या संख्येवर हप्ता ठरतो. ज्या कारखान्याने किंवा कंपनीने त्याला काम दिले, तिच्या धंद्याचाच भाग असलेले काम असेल तर त्या मूळ मालकावरही जबाबदारी येते. कामगार राज्य विमा योजनेत नाव असेल तर भरपाई त्या योजनेतून मिळते, तिचा मार्ग वेगळा, पण तिथेही अपघात कामावरचाच असावा लागतो. खोटे बोलून आपण ठेकेदाराला वाचवत नाही. त्याच्या वरच्याला वाचवतो.

आणि कारखान्याच्या छपरासाठी तर नियम स्पष्टच आहेत. उंचीवर काम करणारा पडू नये याची तजवीज २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियमाच्या कलम ३२ मध्ये होती. ठिसूळ छपरावर माणूस चढवायचा तर सरपटत जाण्याच्या फळ्या आणि शिड्या द्यायच्या, लेखी परवाना द्यायचा, हेही कारखान्यांच्या नियमांत आहे. आमच्या ओळखीच्या पत्रेवाल्यांपैकी एकानेही असा परवाना डोळ्यांनी पाहिलेला नाही.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. कामगारांच्या आरोग्य विम्याचा प्रा. आडारकरांचा अहवाल १९४४ साली आला, त्यातूनच पुढे १९४८ चा कामगार राज्य विमा कायदा झाला. मजूर आजारी पडला, जखमी झाला तर ती त्याची खासगी आपत्ती समजायची नाही, हे त्या कामाचे सूत्र होते. आपण मात्र कामावरची जखम स्वतःच्या तोंडाने ‘घरची’ करून घेतो.

बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाविषयीही थोडे. १८ ते ६० वयाच्या, वर्षात नव्वद दिवस बांधकामावर काम केलेल्या कोणालाही नोंदणी करता येते. कामावर मृत्यू झाल्यास वारसाला पाच लाख, पंचाहत्तर टक्के किंवा अधिक कायमचे अपंगत्व आल्यास दोन लाख. हे वरच्या भरपाईहून वेगळे. नव्वद दिवसांच्या प्रमाणपत्रासाठी रोज नवा मालक असलेल्या मजुराची काय परवड होते ते आम्ही पाहिले आहे, तरी नोंदणी सोडू नका. मंडळाची भांडी आपल्याकडे घरोघर पोचली, चांगली आहेत. पण त्याच मंडळाचा सुरक्षा संच मिळाला होता, त्यातला कमरेचा पट्टा कुठे आहे? एका घरात तो मोटारसायकलवर गाठोडे बांधायला होता. दुसऱ्या घरात शेळीला. घरमालक म्हणाला, "पट्टा घालून अडकवू कशाला ताई, वर आधारच नसतो." त्याचे बरोबर आहे. आधी दोर बांधायला भक्कम जागा, मग पट्टा. ती जागा करून देणे काम देणाऱ्याचे कर्तव्य आहे. पत्र्याच्या बोल्टला पट्टा अडकवायचा नसतो.

आता थोडे आपल्या अंगणात. एका वर्षी जयंतीच्या आधी आपल्याच एका विहाराचे पत्रे श्रमदानाने बदलले. सात-आठ पोरे चपला घालून वर, एकही फळी नाही, एकही दोर नाही. खाली आम्ही चहा करत होतो आणि कौतुक करत होतो. आम्ही, ज्यांनी इतक्या टाचा आणि इतके मणके पाहिले! कोणी पडले नाही. पडले असते तर ते मजूरही नव्हते, त्यांना कोणताही कायदा लागला नसता. आम्ही केसपेपरवर काय सांगितले असते, हा विचार त्या रात्री आला आणि झोप लागली नाही. घराघरांतही तेच. स्वतःच्या घराची गळती काढायला आपण नाक्यावरून माणूस आणतो, पाचशे-सातशे ठरवतो आणि शिडी दाखवतो. तेव्हा त्याचे मालक आपण असतो.

या वर्षी आम्ही काही माणसे मिळून दोन जाड फळ्या करून घेतल्या. प्रत्येकी दहा फूट लांब, दीड फूट रुंद, निदान तीन अँगलवर टेकतील अशा, वर आडव्या पट्ट्या ठोकलेल्या, टोकाला दोर बांधायला भोक. एक पुढे सरकवायची, एकीवर राहायचे. पत्र्यावर पाय टेकायचा नाही. काम खालून परांची बांधून होण्यासारखे असेल तर वर चढायचेच नाही, आणि पाऊस पडून गेल्यावर तर नाहीच. फळ्या पौडला विहाराच्या मागच्या पडवीत ठेवल्या आहेत, बरोबर पन्नास फुटी दोर आहे. मिरगाच्या आधी ज्याला लागतील त्याने न्याव्यात, वहीत नाव लिहावे आणि काम झाले की परत आणून ठेवाव्यात. पैसे नाहीत.